रुमालाची गाठ, दोरीची गाठ

२०२३ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. शिरूरकडचा माझा चुलतभाऊ विश्रांतवाडीतल्या आमच्या घरी आला. हातात साड्यांच्या दुकानाची पिशवी, पिशवीत लाल खारव्यात बांधलेलं एक जुनं गाठोडं. आरक्षणासाठी जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायचे ते दिवस होते. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती सप्टेंबरात नेमली गेली होती आणि गावोगावी लोक माळ्यावरच्या पेट्या खाली उतरवत होते. भावानं गाठ सोडली, आठ-दहा कागद सतरंजीवर मांडले आणि म्हणाला, "दादा, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता. आपल्या पणज्याचं यात काय लिहिलंय, तेवढं सांगा."

मी चष्मा लावला. कागदावर आधीच आखून घेतलेल्या रेघा, आणि दोरीवर धुणं वाळत घालावं तशी त्या रेघांना लोंबकळणारी, बोरू न उचलता लिहिलेली अक्षरं. मोडी लिपी आहे एवढं कळलं. वरचा 'श्री' ओळखू आला. त्यापुढे एक शब्द लागेना. मराठी माझी मायबोली, पन्नास वर्षं तिच्यात वाचतोय, लिहितोय. पण माझ्याच पणज्याच्या कागदापुढे मी अडाणी ठरलो. भाऊ काही बोलला नाही. चहा पिऊन, कागद ठेवून गेला.

त्या वेळी टेबलावर पेरू देशातल्या इंका लोकांविषयीचं एक पुस्तक उघडं पडलं होतं. तो निव्वळ योगायोग. पण पुढचे काही महिने त्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना चिकटून राहिल्या.

लिमा शहराच्या वर, डोंगरात, तुपीकोचा नावाचं गाव आहे. दर वर्षी जानेवारीत तिथे गावसभा भरते. जुने कारभारी नव्यांच्या हाती कारभार सोपवतात, तेव्हा नव्या कारभाऱ्याच्या अंगावर गाठी मारलेल्या दोऱ्यांची एक जुडी घालतात. तिला किपू म्हणतात. आपल्याकडे पागोटं बांधतात तसा हा मान. या जुड्या त्यांच्या पूर्वजांच्या आहेत, त्या नीट जपून ठेवलेल्या आहेत, आणि त्यांत काय नोंदवलंय हे गावातल्या कोणालाही वाचता येत नाही. फ्रँक सॅलोमन या मानववंशशास्त्रज्ञानं तिथे मुक्काम ठोकून २००४ मध्ये त्यांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. गाठी मात्र अजून बोलत नाहीत.

आज दक्षिण कोलंबियापासून चिलीच्या मध्यापर्यंत जो मुलूख पसरलेला आहे, तो इंका लोकांनी अक्षर न वापरता चालवला. हजारो मैलांचे रस्ते, जागोजाग धान्याची कोठारं, घराघरातून वेठीला किती माणसं यायची याचा हिशेब, हे सगळं दोऱ्यांवर. एका जाड दोरीला बारीक दोऱ्या लटकवायच्या. गाठ कुठे आहे त्यावरून एकं, दहं, शतं ठरायचं. ही दशमान मांडणी लेलँड लॉक या अमेरिकन अभ्यासकानं १९१२ मध्ये उलगडून दाखवली. आकडे लागले. पण सगळ्या दोऱ्या आकड्यांच्या नाहीत. ज्यांत वंशावळी, इतिहास, कदाचित करारमदार असावेत, त्या अजून मुक्या आहेत. या दोऱ्या ठेवणाऱ्या आणि वाचणाऱ्या माणसाला किपुकामायोक म्हणत. आपल्या भाषेत सांगायचं तर कुळकर्णी. वारसाहक्कानं दप्तर सांभाळणारा, गावात किती कुळं, किती जमीन, किती येणं हे ज्याच्या बोटांवर आणि ज्याच्या एकट्याच्याच बोटांवर, असा माणूस.

स्पॅनिश लोक आले, त्यांनी किपू जाळले आणि एक संस्कृती मुकी झाली, असं आपण शाळेत नाही तरी मासिकांत वाचलेलं असतं. १५८३ मध्ये लिमाच्या तिसऱ्या धर्मपरिषदेनं मूर्तिपूजेची साधनं म्हणून किपू नष्ट करायला सांगितलं हे खरंच आहे. पण त्याआधीच्या आणि नंतरच्या घडामोडी पाहिल्या की ही गोष्ट इतकी सरळ राहत नाही. स्पॅनिश सरदार फ्रान्सिस्को पिझारोनं १६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्का इथे १६८ माणसांनिशी इंका राजा अताहुआल्पाला पकडलं. त्याच्या थोडं आधी अताहुआल्पा आणि त्याचा सावत्र भाऊ हुआस्कार यांचं यादवी युद्ध झालं होतं. त्या युद्धात अताहुआल्पाच्या सरदारांनी राजधानी कुस्कोतले किपू जाळले आणि किपुकामायोक मारले, नव्या राजापासून काळच नव्यानं मोजायचा म्हणून. हे सांगितलं खुद्द म्हाताऱ्या किपुकामायोकांनी, १५४२ च्या सुमारास, व्हाका दे कास्त्रो या स्पॅनिश सुभेदारापुढे. म्हणजे पहिली होळी घरच्यांनीच पेटवली होती.

दुसरी गोष्ट याहून मासलेवाईक. हुआंका नावाच्या लोकांनी इंकांवरच्या रागापोटी स्पॅनिशांना मदत केली होती. १५६१ मध्ये त्यांचे मुखिया लिमाच्या न्यायालयात गेले आणि पिझारोच्या माणसांना गेल्या अठ्ठावीस-तीस वर्षांत काय काय दिलं, किती मका, किती लामा, किती माणसं, आणि काय काय न विचारता उचलून नेलं, हे सगळं त्यांनी दोऱ्यांवरून वाचून दाखवलं. न्यायालयानं ते लिहून घेतलं. जेत्याच्या लुटीचा हिशेब जिंकलेल्यांच्या गाठींत, आणि तो जेत्याच्याच कचेरीत पुरावा म्हणून मान्य. पुढे मात्र कागद आला, स्पॅनिश लेखनिक आला. तक्रार कागदावर करायची, कर कागदावर भरायचा. दोरीवरून काही सिद्ध करण्याची गरज उरली नाही. मग शिकवणार कोण, आणि कशासाठी? मेंढरं मोजायला काही खेड्यांत दोऱ्या राहिल्या. बाकीच्या एकेका म्हाताऱ्याबरोबर संपल्या.

मला या इतिहासात आग दुय्यम वाटते. कचेरीचा दरवाजा खरा. ज्या लिपीत अर्ज करता येत नाही ती लिपी दोन पिढ्यांत जाते, तिला कोणी हात लावायची गरज पडत नाही.

आता आपल्याकडे वळू. विश्रांतवाडीहून आळंदी रस्त्यानं येरवड्याकडे निघालं की डेक्कन कॉलेजच्या जुन्या दगडी इमारती लागतात. माझं फिरणं रोज त्याच बाजूला असतं. हा सगळा टापू म्हणजे पुण्यातल्या पेशवाईच्या अखेरच्या पंधरवड्याचं मैदान. ५ नोव्हेंबर १८१७ ला पलीकडे खडकीची लढाई झाली. १६ नोव्हेंबरला इंग्रजांच्या जनरल स्मिथचं सैन्य येरवड्याच्या उतारानं नदी ओलांडून आलं, पेशवा दुसरा बाजीराव पुण्यातून निघून गेला आणि १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. (काहामार्काचीही तारीख १६ नोव्हेंबरच. पंचांगं वेगळी आहेत हे मला माहीत आहे. तरी नदीकाठून जाताना ती तारीख आठवते.) अताहुआल्पानं खोलीभर सोनं देऊनही त्याचा गळा आवळला गेला. बाजीरावाला वर्षाला आठ लाख रुपये तनखा आणि ब्रह्मावर्ताचा गंगाकाठ मिळाला. इंग्रजांची ही जिंकण्याची तऱ्हा वेगळी होती, आणि माझ्या मते तिच्यामुळेच आपल्याला काय गेलं ते फार उशिरा कळलं.

पुण्याचा कारभार हाती घेतलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्यानं जाळलं काहीच नाही. उलट पेशव्यांचं दप्तर ताब्यात घेऊन जपलं. पुण्याच्या पुराभिलेखागारात आज जवळपास चाळीस हजार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, आहेत, त्यांत कोट्यवधी कागद. हे प्रेम मात्र इतिहासाचं नव्हतं. कोणाला कोणतं गाव इनाम, कोणाचा दावा खरा, कोणाचा खोटा, हे त्या रुमालांतूनच कळणार होतं. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला धार आली तेव्हा याच कागदांच्या आधारानं कैक इनामं तपासली आणि खालसा केली गेली. आपल्याच आजोबांचा कागद नातवाविरुद्ध साक्षीला उभा राहिला. पुढे कित्येक दशकं भारतीय अभ्यासकांना या दप्तरात सहज पाऊल टाकता येत नव्हतं. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखाली त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले ते १९३० नंतर.

याच काळात आणखी एक घडत होतं. श्रावणात पुण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटायची पेशव्यांची रीत होती. एल्फिन्स्टननं तो पैसा बंद केला नाही. त्यातून १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. तिचाच पुढे पूना कॉलेज, डेक्कन कॉलेज असा प्रवास झाला, आणि १८६८ मध्ये ते जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या येरवड्याच्या वास्तूत आलं. टिळक, आगरकर तिथे शिकले. १९४८ पासून तिथे संस्कृतचा महाकोश चालू आहे. सुमारे दीड हजार ग्रंथांतून उतरवलेल्या एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या कपाटांत रचून ठेवलेल्या आहेत. एका शब्दाचा अर्थ तीन हजार वर्षांत कसा सरकला, हे त्यातून दिसतं. मला त्या कामाबद्दल अपार आदर आहे. पण त्या फाटकावरून जाताना मनात येतंच, की जेत्यानं आपलं कोणतं ज्ञान उचलून चौथऱ्यावर ठेवलं आणि कोणतं कारकुनाच्या टेबलावर सोडून दिलं. वेदशास्त्राला कॉलेज मिळालं. ज्या लिपीत या मुलखाचा शेतसारा, भांडणं, लग्नं, कर्जं, वतनं लिहिली गेली, तिला काही मिळालं नाही.

पेरूमध्येही तेच. दोमिंगो दे सांतो तोमास या धर्मगुरूनं १५६० मध्येच केचुआ भाषेचं व्याकरण छापलं. भाषा हवी होती, कारण तिच्यातून धर्म सांगायचा होता. दोरी नको होती, कारण ती चालवणारा मध्ये नको होता. आपल्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. त्याला हात लावणारे थॉमस कँडी पुढे पुण्याच्या पाठशाळेचे प्रमुख झाले आणि मराठीत विरामचिन्हं त्यांनी रुजवली. या लेखातले स्वल्पविरामही त्यांचीच देणगी. भाषा अशी नीटनेटकी केली गेली, छापली गेली ती मात्र बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिपीत. मोडी अक्षर एकातून एक निघतं, ते सुट्या खिळ्यांत बसवणं जिकिरीचं. छापखान्यानं पुस्तक बाळबोधला दिलं, मोडीकडे हातानं लिहायचं तेवढं राहिलं.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, चला, आणखी एक इंग्रजांच्या नावानं खडे फोडणारा लेख. तसा तो व्हायची भीती मलाही होती. पण पणज्याच्या कागदाकडे पुन्हा पाहिलं आणि एक साधा प्रश्न पडला: हा कागद लिहिला गेला तेव्हा पणज्याला तो वाचता येत होता का?

नव्हता. आमच्या घरात अक्षर आलं ते आजोबांच्या वेळी. मोडी वाचणारा गावात एक कुळकर्णी, एखादा सावकार, एखादा पंतोजी. गावचा सगळा भूतकाळ त्यांच्या बोरूच्या टोकावर. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या एकाधिकाराचा जो पंचनामा केला तो मला पूर्वी केवळ संतापाचा वाटायचा. आता तो अचूक निदानाचा वाटतो. त्याच्या आठ वर्षं आधी, १२ मे १८७५ ला, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. नंतर पुणे-नगरच्या कितीतरी गावांत हे झालं. त्यांना मुख्यतः कागद हवे होते. आपल्या निशाणीवर काय लिहिलंय हे ज्याला वाचता येत नाही, त्याच्या दृष्टीनं तो कागद जाळणं हाच तो वाचण्याचा एकमेव मार्ग होता. पुणे जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात मराठी दस्तऐवजांची होळी केली ती इंग्रजानं नव्हे, कुणब्यानं. आणि मी त्याला दोष देऊ शकत नाही.

तिकडे इंकांनीही आजूबाजूच्यांना जिंकूनच राज्य मोठं केलं होतं. हुआंका, कान्यारी असे लोक स्पॅनिशांच्या बाजूनं का गेले, याचं उत्तर त्यात आहे. आमच्या इथून नगर रस्त्याला लागलं की पुढे कोरेगाव भीमा येतं. १ जानेवारी १८१८ च्या पेशवे-इंग्रज लढाईच्या तिथल्या स्तंभावर इंग्रजांकडून लढलेल्या महार शिपायांची नावं आहेत, आणि १९२७ च्या १ जानेवारीला डॉ. आंबेडकर तिथे गेले होते. पेशवाईत ज्यांना माणूस म्हणून जागा नव्हती, त्यांनी पेशवाईच्या मरणाचा शोक करावा ही अपेक्षाच उद्धट आहे. 'मूळ संस्कृती' असं आपण एकवचनात म्हणतो तेव्हा दप्तर वाचणारे आणि दप्तरात फक्त नोंदले जाणारे यांना एकाच रुमालात बांधतो.

म्हणून माझं म्हणणं असं. जे ज्ञान थोड्या हातांत कोंडलेलं असतं, ते बाहेरून आलेल्याला मारावं लागत नाही. त्या थोड्या हातांना दुसरी नोकरी दिली की पुरतं. किपुकामायोक गेले आणि लाखो लोकांना ते कळलंही नाही, कारण त्या लाखोंना दोरी कधी वाचू दिलीच नव्हती. मोडी गेली तेव्हा महाराष्ट्रात कुठे हरताळ पडला? ती जाताना गावच्या बाईमाणसाला, बलुतेदाराला, कुणब्याला तिच्यात स्वतःचं काही दिसलं नाही.

याच्या उलट उदाहरण दर आषाढाच्या तोंडाशी आमच्या दारावरून जातं. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून निघते, दिघी-कळस करत विश्रांतवाडीत येते आणि फुलेनगरवरून पुण्यात उतरते. त्या दिवशी चौक बंद, दुकानांपुढे केळी-राजगिऱ्याच्या लाडवांचे ढीग, आणि ज्यांना सही करता येत नाही अशा बाया सातशे वर्षांपूर्वीच्या ओव्या म्हणत चाललेल्या. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. मधल्या काळात देवगिरी पडली, बहमनी आली, पेशवाई आली आणि गेली. माउलींच्या पालखीचा आजचा थाटमाट तर हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास, पुण्यावर कंपनीचं राज्य असताना उभा केला. राज्य बदललं म्हणून ओवी थांबली नाही, कारण ती कोणा एकाच्या दप्तरात नव्हती. अँडीजच्या डोंगरात केचुआ आज ऐंशी लाखांच्या आसपास लोक बोलतात, १९७५ मध्ये पेरूनं तिला अधिकृत भाषेचा दर्जा दिला. तीही तशीच, चुलीपाशी आणि शेतात टिकली. जे सगळ्यांच्या तोंडी होतं ते राहिलं. वारीचं कौतुक करताना आपण भक्तीवर थांबतो. मला त्यात साक्षरतेचं एक वेगळंच, आणि फार यशस्वी, प्रारूप दिसतं.

मात्र इथे मला माझीच तुलना मोडावी लागते. किपूची किल्ली हरवली आहे. तुपीकोचातल्या माणसानं उद्या ठरवलं तरी त्याला पणज्याची दोरी वाचता येणार नाही. जगातल्या कुठल्याच विद्यापीठात त्याला ती शिकवणारा नाही. मोडीचं तसं काहीही झालेलं नाही. अक्षर माहीत आहे, भाषा आपलीच आहे, शिकवणारे आहेत. इंग्रजांच्या राज्यात बरीच वर्षं गावची दप्तरं मोडीत चालत होती, शाळांत मोडी शिकवली जात होती. ती शाळेतून गेली विसाव्या शतकाच्या मधल्या वर्षांत, म्हणजे आपलं राज्य आल्यावर. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' जमवली, १८९८ पासून त्यांचे बावीस खंड काढले, १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. त्या माणसाच्या महाराष्ट्रात आपण मोडीचा तास वेळापत्रकातून काढून टाकला आणि कोणाला काही वाटलं नाही. पेरूच्या माणसाकडे सबब आहे. आपल्याकडे ती नाही.

त्याची किंमत २०२३ मध्ये दिसली. लाखो जुन्या नोंदी तपासायच्या, आणि त्या वाचणारी माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत हुडकावी लागली. ज्या समाजाचं आरक्षण, जमीन, वारसा अजून शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या कागदावर ठरतो, त्या समाजानं तो कागद वाचण्याची कला मूठभर जाणकारांवर सोडावी, हे कुळकर्ण्याच्या जागी नवा कुळकर्णी बसवणंच झालं. आणि या वेळी तो बसवणारा कोणी एल्फिन्स्टन नाही.

मोडी काही अवघड नाही. पुण्यात वर्ग भरतात, दहा-पंधरा दिवसांत अक्षरओळख होते, मग सरावाचं काम. आठवी-नववीच्या मराठीच्या तासाला महिनाभर ती शिकवली तर एक पिढी स्वतःच्या घरातली पेटी उघडू शकेल. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर रुमाल असेल तर तो रद्दीत देऊ नका, ऊन-पाण्यापासून जपा, फोटो काढून ठेवा, आणि जमल्यास घरातल्या एकानं तरी वर्गाला नाव घाला.

मी घातलं. साठी उलटल्यावर पाटीवर गिरवायला लाज वाटते, पण शेजारच्या बाकावर अकरावीतली एक मुलगी होती, तिला माझ्यापेक्षा लवकर येत होतं, त्यामुळे लाजेला वेळ मिळाला नाही. सहा महिन्यांनी भावाला फोन करून बोलावलं आणि सतरंजीवर तेच कागद पुन्हा मांडले. त्याला हवी होती तशी नोंद त्यांत नाही. सगळ्यांत वरचा कागद शके १७९० चा कर्जरोखा आहे, बैलजोडीसाठी घेतलेल्या साठ रुपयांचा. तो आमच्या घरात आहे, म्हणजे फेडल्यावर परत मिळालेला. खाली पणज्याचं नाव कुळकर्ण्याच्या हातचं, आणि सहीच्या जागी वाकड्या रेघांनी काढलेला नांगर.